हात आवरताना

ज्याला ज्वारीची भाकरी थापता येते त्याला कोणत्याही पिठाचे भय नसते, अशी माझी वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत ठाम समजूत होती. तुमच्यापैकी अनेकांचे हातही रोज पहाटे पिठात असतील. पोळ्या करून, डबे भरून, मग घटकाभर हे पुस्तक उघडणारे विद्यार्थी मी पाहिलेले आहेत. म्हणून मी सांगणार असलेली गोष्ट तुम्हांला परकी वाटणार नाही, जरी ती एका परक्या पदार्थाची असली तरी.

तो पदार्थ म्हणजे स्कोन. माझी मुलगी इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात, एक्सेटर या शहरात राहते. तिच्या बाळंतपणासाठी मी वाईहून तिच्याकडे गेले. सामानात डिंकाचे लाडू होते, अळीव होते आणि दोन किलो ज्वारीचे पीठ होते. नातू झाला. मी उत्साहाने खिरी शिजवल्या, लाडू पुढे केले. पण मुलीची अन्नावरची वासनाच उडाली होती. ती दोन घास खाई आणि ताट सारी. पाचव्या दिवशी शेजारच्या वृद्ध बाई बाळाला पाहायला आल्या. त्यांच्या हातात स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली एक टोपली होती. फडके उलगडले तेव्हा आतून वाफ आली. मुलीने त्यातले तीन स्कोन एकापाठोपाठ एक खाल्ले.

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. लेकराच्या पोटात अन्न गेले याचे समाधान एका बाजूला, आणि ते माझ्या हातचे नव्हते ही बोच दुसऱ्या बाजूला, अशी मनाची ओढाताण झाली. त्या बोचेपोटीच मी स्कोन शिकायचे ठरवले, हे आधीच मान्य केलेले बरे.

स्कोन दिसायला अगदी साधा. मैदा, लोणी, थोडी साखर, दूध आणि पीठ फुगवणारी बेकिंग पावडर एवढीच त्याची सामग्री. तळहातावर मावेल एवढा, गोल आणि उंच. तो केक नव्हे, बिस्किट नव्हे आणि पावही नव्हे. वरून किंचित खरपूस, आतून मऊ आणि ओलसर असावा. सुरी न लावता बोटांनी मधोमध उघडला तर त्याचे दोन भाग अलगद सुटावेत. त्यांवर जॅम आणि ‘क्लॉटेड क्रीम’ घालून चहाबरोबर खातात. ही मलई म्हणजे मंद उष्णतेवर तापवून, मग सावकाश निववून धरलेली जाड साय. आपल्याकडे दुधाचे पातेले हलवू नका असे सांगून जी साय आपण मिळवतो, तिचीच थोरली बहीण. डेव्हनमध्ये आधी मलई आणि वर जॅम, तर शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर मलई, असा वाद तेथे मोठ्या निष्ठेने चालतो. पदार्थाचे नाव ‘स्कोन’ की ‘स्कॉन’ यावरही एकमत नाही. स्कॉटलंडमध्ये बहुधा ‘स्कॉन’ म्हणतात आणि हा मूळचा तिकडचाच पदार्थ आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट येथे सांगते. गॅव्हिन डग्लस या कवीने व्हर्जिलच्या ‘एनीड’ या लॅटिन महाकाव्याचा स्कॉट्स भाषेत अनुवाद केला. तो १५१३ साली पूर्ण झाला. ‘स्कोन’ या शब्दाच्या सर्वांत जुन्या लिखित उल्लेखांपैकी एक त्या अनुवादात आहे. गरिबाच्या चुलीवरचा एक शब्द महाकाव्याच्या अनुवादात शिरला आणि टिकला. तो जुना स्कोन मात्र आजच्यासारखा उंच नव्हता. तो ओट किंवा जवाच्या पिठाचा, चपटा आणि लोखंडी तव्यावर भाजलेला असे. म्हणजे भाकरीच्याच कुळातला. पुढे १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली. त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, म्हणून त्यांनी हा खटाटोप केला. १८४५ साली ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी ती पावडर आधीच मिसळलेल्या मैद्याचे पेटंट घेतले. पीठ आता काही मिनिटांत फुगू लागले आणि तव्यावरचा चपटा स्कोन भट्टीत जाऊन उंच झाला.

शेजारीणबाईंनी मला कागदावर प्रमाण लिहून दिले. पीठ फुगवणारी पावडर मिसळलेला मैदा २२५ ग्रॅम, थंड लोणी ५० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, दूध १५० मिलिलिटर, चिमूटभर मीठ. भट्टी २२० अंश सेल्सिअसवर आधी तापवलेली. भाजण्याचा वेळ १२ ते १५ मिनिटे. यात अवघड ते काय, असे मनात म्हणत मी पिठाला हात घातला.

दूध ओतताच पीठ हाताला चिकटले. इतके सैल पीठ माझ्या परातीत कधी राहिले नव्हते. मी दोन मुठी मैदा आणखी घातला. मग कणीक तिंबावी तसा तो गोळा दहा मिनिटे चांगला तिंबला, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवला, लाटण्याने लाटला आणि वाटीने कापला. वाटी कापताना गोल फिरवली, कारण करंज्या आणि पुऱ्या मी तशाच कापत आले होते. वर रंग येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धा तास, भट्टीचे दार उघडले नाही. जे बाहेर आले ते फोडायला खलबत्ता लागला असता.

लाज बाजूला ठेवून मी त्यांतला एक शेजारीणबाईंकडे नेला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तो दोन्ही हातांनी मोडला, आतली बाजू उजेडाकडे धरली आणि विचारले, “पीठ किती वेळ मळलेत?” मी सांगितले. त्या म्हणाल्या, “उद्या माझ्या स्वयंपाकघरात या.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. त्यांनी सामान मांडून ठेवले होते. स्वतः मात्र त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. मी लोणी वितळवायला घेतले, कारण शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो. त्यांनी पाहिले, त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशीचे स्कोन खुसखुशीत झाले, पण कोरडे. घास घशाशी अडकत होता. त्यांनी त्यांतला एक आणि आदल्या दिवशीचा एक शेजारी शेजारी ठेवला. “आता तुम्हीच पाहा,” त्या म्हणाल्या, “दोघांत काय फरक आहे?”

मी पाहू लागले. पहिल्याच्या आत पोळीसारखे ताणलेले धागे होते. दुसऱ्याच्या आत धागे नव्हते, नुसता भुगा होता. फरक दिसला तेव्हा मी कारण शोधू लागले, आणि कारण शोधू लागले तेव्हा त्या बोलू लागल्या.

ती कारणे मी तुम्हांला माझ्या शब्दांत सांगते. गव्हाच्या पिठात पाणी मिसळले आणि ते मळले, की त्यातील प्रथिनांचे एक चिवट जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. पोळीला हे जाळे हवेच असते. त्याच्याशिवाय पोळी पातळ लाटता येत नाही. स्कोनला ते नको असते. जितके मळावे तितका स्कोन चिवट होतो. म्हणून लोणी थंड हवे. ते बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचे, तळहाताने नव्हे, कारण तळहात उष्ण असतो. मिश्रण जाड रव्यासारखे दिसू लागले की थांबायचे. लोण्याचे काही कण तसेच राहू द्यायचे. भट्टीत ते वितळतात, त्यांच्या जागी पोकळ्या राहतात, त्यांत वाफ भरते आणि स्कोन हलका होतो. कडकडीत मोहनाने मात्र पिठाचा कण न् कण तुपात माखतो. शंकरपाळीला तेच शोभते, स्कोनला नाही.

आणि ओलावा? तो चिकटपणात असतो. दूध घातल्यावर पीठ हाताला चिकटले पाहिजे. ते सोईचे व्हावे म्हणून आपण जी मूठभर कोरडी भर घालतो, ती नंतर स्कोनमधील ओल शोषून घेते. हाताला जे पीठ सोपे जाते त्याचा स्कोन घशाला अवघड जातो, हा त्या स्वयंपाकघरातील नियम होता. चिकट गोळा पीठ भुरभुरलेल्या ओट्यावर घ्यावा, दोन-तीन वेळा हलकेच दुमडावा आणि लाटणे न वापरता हाताने थोपटून अडीच सेंटिमीटर जाडीचा करावा. पातळ स्कोन लवकर वाळतो. साचा सरळ खाली दाबावा, फिरवू नये. फिरवल्याने कडा दबून बंद होतात आणि स्कोन वाकडा फुगतो. दूध घातल्यावर वेळ दवडू नये, कारण पावडरीचे काम तेव्हापासूनच सुरू झालेले असते. तबकात स्कोन एकमेकांजवळ ठेवावेत. शेजाऱ्याच्या आधाराने ते वर चढतात आणि त्यांच्या कडा मऊ राहतात. भट्टी कडक तापलेली असावी आणि वेळ थोडा. मंद आचेवर दीर्घकाळ ठेवलेला स्कोन फुगण्याआधीच सुकतो. शेवटी, बाहेर काढल्याबरोबर ते स्वच्छ फडक्यात गुंडाळावेत, म्हणजे निघणारी वाफ कवचातच मुरते. हे शेवटचे मला कोणी शिकवावे लागले नाही. पोळ्यांच्या डब्यात फडके घालणाऱ्या सगळ्या बायकांना ते ठाऊक आहे.

तुमच्याकडे भट्टी नसेल तर जुन्या स्कॉटिश रीतीने जाड तव्यावरही स्कोन होतात. पावडर मिसळलेला मैदा नसेल तर २२५ ग्रॅम साध्या मैद्यात अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर दोनदा चाळून घ्यावी. जाडी दीड सेंटिमीटरच ठेवावी, आच मंद ठेवावी, तव्यावर झाकण घालावे आणि प्रत्येक बाजू पाच-सहा मिनिटे भाजावी. कडेने बोट लावून पाहावे. पीठ ओले लागले नाही की झाले. त्याच दिवशी खावेत. दुसऱ्या दिवशी ते शिळ्या पावासारखे होतात.

तिसऱ्या खेपेला माझे स्कोन उघडले, आणि आतून वाफ आली. मी शेजारीणबाईंना विचारले, “मी लोणी वितळवत होते तेव्हाच तुम्ही मला का नाही थांबवलेत?” त्या म्हणाल्या, “ते तुमच्या बोटांना कळायला हवे होते. माझ्या बोटांना ते आधीच कळलेले आहे.”

टोपली घेऊन मी घरी आले. मुलीने एक स्कोन उघडला, खाल्ला, आणि बाळाला मांडीवर घेत सहज विचारले, “त्यांनी तुझ्या हातातून पीठ काढून नाही घेतले?” मी म्हटले, “नाही. त्या खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आई, तू काढून घ्यायचीस.”

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले. तेरा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुटीत ती भाकरी शिकायला माझ्याजवळ बसली होती. तिच्या पहिल्या भाकरीच्या कडा चिरल्या. दुसरी उचलताना मोडली. पाहुणे जेवायला बसायचे होते. मी म्हणाले, “सर बाजूला, मी करते,” आणि परात ओढून घेतली. मला तो प्रसंग आठवतही नव्हता. तिला मात्र परातीचा ओट्यावर घासल्याचा आवाजसुद्धा आठवत होता. त्यानंतर तिने भाकरीला हात लावला नाही. एक्सेटरच्या तिच्या शीतकपाटात दुकानातल्या तयार पोळ्या पाहून परदेशाने माझी लेक बदलली असे मी मनात म्हणत होते. दोष मात्र परदेशाचा नव्हता.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले होते. निबंधाच्या वह्या तपासताना मी मुलांचे वाक्य सुधारत नसे. ते खोडून त्याजागी माझे वाक्य लाल शाईने लिहीत असे. पालक वह्या पाहून म्हणत, बाई किती मेहनत घेतात. मेहनत खरीच होती. पण त्या वह्यांतील चांगली वाक्ये माझी होती. चिरलेल्या कडांची, हाताला चिकटणारी, मुलांची स्वतःची वाक्ये मी परातीसारखी ओढून घेतली होती. त्या मुलांपैकी किती जणांनी पुढे कागदाला हात लावला नसेल, याचा हिशेब आता कोण देणार?

तुम्ही म्हणाल, शिकवणाऱ्याने चूक दाखवू नये काय? अवश्य दाखवावी. शेजारीणबाईंनी माझ्या चुकांवर पांघरूण घातले नाही. त्यांनी त्या मोडून, उजेडात धरून माझ्यासमोर ठेवल्या. फक्त पीठ माझ्या हातात राहू दिले. चूक दाखवणे आणि काम हिरावून घेणे यांतला हा फरक मला साठीच्या उंबरठ्यावर, दुसऱ्या कोणाच्या स्वयंपाकघरात, स्वतः विद्यार्थिनी होऊन कळला. सवयीचे हातही एकदा नवखे व्हावे लागतात, तेव्हा नवख्या हातांची लाज म्हणजे काय ते समजते.

पुढे वाईला परतल्यावर मी एका अभ्यासकेंद्रावर काही वर्षे संमंत्रक म्हणून काम केले. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांची एक तक्रार मी नेहमी ऐकत असे: आम्हांला वर्ग नाही, समोर शिक्षक नाहीत, अडले तर विचारायचे कोणाला? ही अडचण खरी आहे, आणि ती मी लहान करून सांगणार नाही. रात्री अकरा वाजता एखादा उतारा समजला नाही, की संपर्क सत्र येईपर्यंत तसेच राहावे लागते, हे कष्टाचे आहे. तरी तुमच्या त्या एकटेपणात एक लाभही आहे. तेथे तुमची परात ओढून घ्यायला कोणी नाही. तुम्ही लिहिलेले पहिले उत्तर चिकट असेल, त्याला आकार नसेल. ते सोपे व्हावे म्हणून मार्गदर्शक पुस्तकांतील कोरड्या वाक्यांची मूठभर भर त्यात घालण्याचा मोह होईल. तो आवरा. उत्तर मोडून पाहा, उजेडाकडे धरा, आधीच्या उत्तराशेजारी ठेवा, आणि पुन्हा लिहा.

इंग्लंडमधून निघण्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मुलगी म्हणाली, “आई, ते ज्वारीचे पीठ अजून आहे ना? आज मी करते भाकरी.” पीठ पाच महिन्यांचे झाले होते. त्याची विरी गेली असणार, ते थापताना फुटणार, हे मला डबा न उघडताही कळत होते. मी एवढेच म्हणाले, “पीठ जुने आहे. पाणी चांगले उकळते घे.” मग मी खिडकीजवळ खुर्ची ओढली, नातवाला मांडीवर घेतले आणि दोन्ही हात त्याच्या भोवती गुंतवून बसले.

तिने उकळते पाणी घातले, चमच्याने ढवळले, निवल्यावर तळहाताच्या टाचेने मळले. ज्वारीत ग्लुटेन नसते. तिथे मळण्याला भ्यायचे कारण नाही. भाकरी कडेला चिरली. तिने माझ्याकडे पाहिले. माझे हात जागचे हलले, पण बाळ मांडीवर होते. तिने ओले बोट लावून चीर जुळवली. तव्यावर टाकताना भाकरी पुन्हा फाटली, आणि तशीच भाजली गेली. तिने वर पाणी फिरवले, उलटली, मग विस्तवावर धरली. एका बाजूने ती थोडी फुगली, दुसऱ्या बाजूच्या चिरेतून वाफ निघून गेली.

आम्ही ती लोणी लावून खाल्ली. जुन्या पिठाचा किंचित कडसर स्वाद तिला होता. मुलीने विचारले, “कशी झाली?” मी म्हणाले, “कडेला चिरली. दुसरी कर.”

तिने दुसरी केली.